अर्धी गोळी

"आरं थांब! थांब! मागं कुत्रं हाय!"

ओरडणाऱ्या व्यंकटच्या पाठीवर हरभऱ्याचं पोतं होतं. थप्पीपर्यंत न नेता त्यानं ते तिथंच सोडलं. पोतं फुटलं, हरभरा पसरला आणि तो रिव्हर्स येणाऱ्या ट्रकच्या चाकाकडं पळाला. पळाला म्हणजे काय, ज्याचे दोन्ही गुडघे वाकत नाहीत तो माणूस जसा पळतो तसा. म्हातारा कुत्रा, मुनीम, चाकाच्या वाटेत पडला होता. त्याला ट्रक दिसत होता, हॉर्न ऐकू येत होता. पुढचे पाय टेकवून, मान ताणून तो उठायला बघत होता, पण मागचं धड भुईला खिळल्यासारखं. व्यंकटनं त्याला कातडीला धरून फरफटत बाजूला घेतलं. कुत्रं ओरडलं नाही. त्यानं व्यंकटचं मनगट दातात धरलं. चावलं नाही, नुसतं धरून ठेवलं.

"मुनीमसाब, आज तुमचा हिशेबच झाला आसता की!" संगप्पा मुकादम म्हणाला आणि हमालांची टोळी हसली.

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे आडत बाजारात, बसवंतअप्पांच्या दुकानात हे कुत्रं पिल्लू असताना रिकाम्या बारदान्याच्या ढिगात सापडलं होतं. तेव्हापासून ते वजनकाट्याशेजारी बसायचं, चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येक पोत्याकडं बघायचं, म्हणून नाव पडलं मुनीम. दुकानाची चाकरी त्यानं केली आणि भाकरी मात्र व्यंकटनं घातली. मोंढ्यात हे असंच असतं.

गेल्या हिवाळ्यात त्याचे मागचे पाय आखडले. व्यंकटचे गुडघे तर त्याच्याही आधी गेलेले. जन्मभर पाठीवर पोती वाहिलेल्या माणसाचे गुडघे दुसरीकडं कुठं जाणार? तो सकाळी मेडिकलवर जायचा, "गुडघ्याची द्या" म्हणायचा, आणि चहासोबत ती गुलाबी गोळी गिळायचा. टोळीतले सगळेच गिळायचे. चिठ्ठी कुणी मागत नव्हतं, दाखवत नव्हतं. आणि टोळीची रीत अशी, की हाताला येईल ते तोडून द्यायचं. भाकरी आली की तोडायची, तंबाखूची पुडी आली की शेजाऱ्याच्या तळहातावर निम्मी ओतायची. एका सकाळी व्यंकटनं गोळी मोडली. अर्धी स्वतः घेतली, अर्धी चहात भिजवलेल्या पावात घालून मुनीमला दिली.

आठवडा गेला नसेल, कुत्रं थप्पीवर चढायला लागलं.

"डाक्टर व्यंकटराव!" संगप्पा हात जोडून म्हणाला. "मोंढ्यातच दवाखाना टाका आता."

व्यंकटला इतकं बरं वाटलं, की तो दिवसभर शीळ घालत होता. नंतरचे कितीतरी महिने रोज सकाळी गोळी मोडत राहिली. मग मुनीमनं खाणं टाकलं. काळी, चहाच्या चोथ्यासारखी ओकारी यायला लागली. तोंडाला मुताचा वास यायला लागला. व्यंकटला वाटलं, म्हातारपण. त्यानं जबडा उघडून गोळी चालूच ठेवली.

ट्रकचा प्रकार झाल्यावर अप्पा गादीवरून उठून बाहेर आले. कपाळावर भस्माचे ताजे पट्टे.

"व्यंकट, सोयाबीनचा सीझन तोंडावर आलाय. गिऱ्हाईक येतंय, हे असं पडलेलं बरं दिसतंय का? औशाच्या पलीकडं कुठं ढाब्यापाशी सोडून ये."

"अप्पा, उठता येत न्हाई त्याला. दुसरी कुत्री फाडून खातील की."

"ते त्याचं नशीब. मी मार म्हणलो का? जीवहत्या आमच्यात चालत न्हाई, तुला ठाऊक हाय."

व्यंकटनं हातगाडी मागून घेतली आणि कुत्रं घरी आणलं.

बायको गुणाबाई परातीत भाकरीचं पीठ मळत होती. तो भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसला. मग म्हणाला, "जनावराच्या दवाखान्यात सुई देतेत म्हणं. तरास होत न्हाई. झोपल्यावानी जातंय."

तिचा हात थांबला. "म्हंजे मारायचं?"

"सोडवायचं."

"आवं, ते खंडोबाचं कुत्रं हाय. दर चंपाषष्ठीला ह्या हातानं भरीत-रोडगा घातलाय त्याला, देव समजून. आरतीला सातवा लागलाय. घरात पोटुशी सून आन तुम्ही देवाच्या कुत्र्याचा जीव घ्यायला निघाले? काय झालं म्हंजे?"

आतल्या खोलीतून सुनेच्या बांगड्या वाजत होत्या, त्या वाजायच्या थांबल्या. बाहेर पत्र्याच्या आडोशाला मुनीमची नखं खरवडत होती, तो कूस बदलायला बघत होता.

"आपूआप जाईल तवा जाईल," गुणाबाई हळू आवाजात म्हणाली. "आपल्या हातानं न्हाई."

अप्पांनाही हात स्वच्छ ठेवायचे होते, गुणाबाईलाही. कुत्र्यानं मरावं हे सगळ्यांना कबूल होतं, फक्त कसं मरतंय ते बघायची कुणाची तयारी नव्हती. असल्या पुण्याला काय म्हणायचं? भित्रेपणा म्हणतात त्याला. देवाच्या नावाखाली झाकला म्हणून त्याची भक्ती होत नाही.

सकाळी व्यंकट आडोशाला गेला तेव्हा मुनीम स्वतःच्या मुतात पडला होता. मुंग्यांची रांग पोटाखालून निघून डोळ्याच्या कडेपर्यंत पोचली होती. डोळा उघडा होता आणि त्यात जीव होता. पापणी हलायची, मुंग्या पांगायच्या, परत यायच्या.

व्यंकटनं बोटानं एकेक मुंगी काढली. मग रिकामं पोतं आणलं, त्यात कुत्र्याला गुंडाळलं आणि सवयीनं पाठीवर घ्यायला गेला. ते घसरलं. त्यानं ते पोटाशी घेतलं. उभ्या आयुष्यात ओझं छातीशी धरून तो पहिल्यांदाच चालत होता.

"माघारी फिरा!" गुणाबाई दारातून ओरडली. "मी न्हाई म्हणून राहिले ना!"

तो फिरला नाही.

जनावराच्या दवाखान्यात डॉक्टर मंजुश्री मॅडम होत्या. नुकत्याच बदलून आलेल्या, तरुण. त्यांनी कुत्र्याच्या हिरड्या बघितल्या, पोट दाबलं, तोंडाचा वास घेतला.

"काका, ह्याला काय औषध देत होता?"

व्यंकटनं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "अर्धीच द्यायचो मॅडम. अर्धी मी, अर्धी तो."

बाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं. "ही माणसाची गोळी आहे. कुत्र्याला झेपत नाही. पोटात जखमा झाल्यात. मूत्रपिंडंही गेल्यासारखी दिसतात."

"पर पळत होता ना तो. थप्पीवर चढत होता."

"दुखणं दबलं होतं, काका. आतून जाळत होती ती."

व्यंकट टेबलाच्या कडेला धरून उभा राहिला. बाईंची नजर खाली त्याच्या पायांकडं गेली. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. त्या वाकल्या आणि त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी तिथं खड्डा तसाच राहिला.

"लघवी कमी होते का?"

"मॅडम, त्याचं बघा."

"तुमचंही बघायला पाहिजे. आजपासून ही गोळी बंद करा. मोठ्या दवाखान्यात जाऊन रक्त तपासा."

"हाव. त्याचं काय?"

"सलाईन लावलं तर थोडे दिवस ओढेल. दुखणं राहीलच. नाहीतर इंजेक्शन. ते तुम्ही ठरवायचं."

"डाक्टर तुम्ही हाव न."

"कुत्रं तुमचं आहे."

त्याला आजवर कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं. पोतं इथं टाक, तिथं टाक, एवढंच तो ऐकत आला होता. त्याची नजर मुनीमवर होती. मुनीमनं त्याचं मनगट पुन्हा दातात धरलं होतं.

"द्या सुई," तो म्हणाला. "पर मला तुमच्या हाताला हात लावू द्या."

"कशाला?"

"पूजेला बायको नवऱ्याच्या हाताला हात लावती ना, तवा पुण्य दोघाला लागतंय. तसं पापबी लागत आसंल. घरात पोटुशी सून हाय. ते लेकराकडं जाऊ ने, तुमच्याकडंबी नको. माझ्याकडं येऊ द्या."

बाईंनी आधी गुंगीचं दिलं, मग दुसरी सुई भरली आणि हात पुढं केला. व्यंकटनं आपली जाड, घट्टे पडलेली बोटं त्यांच्या मनगटावर टेकवली. औषध गेलं. दुसऱ्या मनगटावरचे दात हळूहळू सैल झाले. मग त्यांचा नुसता ओलावा राहिला.

दवाखान्यामागच्या बाभळीखाली त्यानं खड्डा खणला, पोत्यासकट पुरलं, वर दगड ठेवला. घरी पोचला तेव्हा दाराबाहेर पाण्याची बादली आणि धुतलेलं धोतर ठेवलेलं होतं. आतून गुणाबाईचा आवाज आला, "आंघोळ करूनच आत या. आन आरतीच्या खोलीकडं जाऊ नका."

तो बाहेरच बसून अंगावर पाणी घेत होता तेवढ्यात फोन वाजला. संगप्पा होता.

"व्यंकट, आज दांडी मारलास? अप्पा इचारून राहिले. उद्या सोयाबीनच्या पयल्या गाड्या येतेत. तुझ्यानं होतंय का सांग. होत न्हाई म्हण, मी दुसरा माणूस लावतो. उगं मधी पडून राहू नको बाबा."

"येतो," व्यंकट म्हणाला.

गुणाबाईनं चहा आणून उंबऱ्यावर ठेवला आणि त्याच्याकडं न बघता आत गेली. व्यंकटनं काढून ठेवलेल्या सदऱ्यातून गोळ्यांचं पाकीट काढलं. गोळी मोडली. अर्धी तोंडात टाकली, चहाचा घोट घेतला, आणि उरलेली अर्धी तळहातावर घेऊन हात आडोशाकडं पुढं केला.

तिथं ओली भुई होती आणि मुंग्या अजून फिरत होत्या.

हात बराच वेळ तसाच राहिला. मग गुडघ्यात कळ आली. त्यानं ती अर्धीही तोंडात टाकली.