पाव टाकीची खूण

उद्यमनगरात दादासोंच्या वर्कशॉपमधून डिझेलची आडवी गोल टाकी बाहेर पडली, की तिच्यासोबत एक लोखंडी पट्टी जायची. ती टाकीत बुडवायची आणि ओल कुठल्या खुणेपर्यंत आली ते बघायचं. पट्टीच्या टोकाला छिन्नीनं ठोकलेला ‘दा’. बावीस वर्षं मुरगूडपासून मलकापूरपर्यंत या ‘दा’ला कुणी नावं ठेवली नव्हती.

आणि महिन्यापूर्वी कामाला लागलेली तेजस्वी म्हणते, पट्टी चुकलीय.

“साठ सेंटिमीटर उंचीची टाकी. पंधरावर पाव, तीसवर अर्धी. ह्यात चुकायला काय हाय?” दादासोंचा पारा चढला.

“अर्धी बरोबर हाय, मालक. पण गोल टाकी तळाला निमुळती. पंधरावर पाव भरत न्हाय.”

“मग सूत्र शिकलीयस न्हवं? काढ की.”

“तीच तर गोची हाय. उंची घातली की सूत्र लिटर सांगतंय. लिटर घालून उंची सरळ निघत न्हाय.”

“म्हंजे अंदाजपंचे?”

“न्हाय ओ. पंधराला कमी, तीसला जास्त, म्हंजे खूण मधेच कुठंतरी. मधोमध बघायचं, नको ती अर्धी बाजू सोडायची. परत मधोमध. काढून दाखवतो की.”

मोबाईलवर आकडे घालत ती जागा आवळत गेली. साडेबावीस, जास्त. पावणेएकोणीस, अजून जास्त. सतराच्या जरा आत, कमी. असं करत शेवटी सतरा पूर्णांक नऊ दशांशावर तिनं रेघ ओरखडली.

“चुकलीस तर माझ्या पट्टीला परत हात लावायचा न्हाय,” दादासो म्हणाले. चारशे लिटरच्या टाकीत त्यांनी स्वतः वीस लिटरचे पाच कॅन पाणी ओतलं. पट्टी पुसली, बुडवली, वर काढली.

ओल नेमकी तिच्या रेघेवर होती. त्यांची खूण जवळजवळ तीन सेंटिमीटर खाली, पाण्यात.

दादासोंना स्वतःचा राग आला. पण त्याहून जास्त, आपल्या शेडमधल्या ह्या पोरीचा अभिमान वाटला, आणि तो लपवायची अक्कल त्यांना कधीच नव्हती. त्यांनी नवी पट्टी घेतली, छिन्नी घेतली आणि ठोकत बसले.

संध्याकाळी जयसिंगपूरचे सयाजी टाकी न्यायला आले. त्यांची ही दुसरी टाकी. पट्टी उलटसुलट करत त्यांनी विचारलं, “‘दा’च्या शेजारी हे ‘ते’ काय?”

“तेजस्वी. आमची हाय.” दादासो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. “आणि पावणं, आधीच्या टाकीची पट्टी परत आणून द्या. ती एकट्या ‘दा’ची हाय. चुकलीय ती.”