समुद्राचं पाणी आणि सरांची पावडर

अरे, त्या प्रयोगशाळेतल्या सरांइतका उथळ माणूस शोधून सापडायचा नाही! चिमूटभर पावडर शुद्ध पाण्यात टाकायची, पाणी मधासारखं दाट झालं की पाहुण्यांपुढे छाती फुगवायची. दरवेळी शुद्ध पाणीच हं! आणि गळ्यात कुणाच्या मारायची? समुद्राचं पाणी दाट करून त्याने जमिनीखालचं तेल ढकलून वर काढणाऱ्या कंपनीच्या. घ्या!

त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या मुलीने मीठ घालून केव्हाच मोजलं होतं. त्या पावडरीत रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. प्रत्येक कडीवर सारखाच विद्युतभार, म्हणून कड्या एकमेकींना ढकलतात, एका घरातल्या जावाच जणू! साखळी ताणली जाते, पाणी दाटतं. मीठ पडलं की उलट भाराचे कण मध्ये येऊन उभे राहतात, भांडण थंडावतं, साखळी अंग चोरून बसते. पाणी पुन्हा पातळ.

"हे प्रबंधातून काढ," सर म्हणाले होते, "नाहीतर माझी सही विसर."

घरी आईचंही तेच. "सही होईपर्यंत तोंड शिवून बस गं बाई."

बसली. आणि एक दिवस कंपनीच्या बाई आल्या, त्या समुद्राच्या पाण्याचा कॅन घेऊनच! सरांचा चेहरा काय विचारता! पोरीने त्यात पावडर टाकली, ढवळली, ढवळली... ढिम्म. नुसतं पाणी.

"हिने नीट ढवळलंच नाही हो," सर म्हणाले. "आजकालच्या मुलांच्या हातात जोर कुठाय?"

नाचता येईना, अंगण वाकडं! पोरीची सटकली. बाईंना दाखवायला मांडून ठेवलेल्या सरांच्या लाडक्या दाट पाण्यात तिने चमचाभर मीठ ओतलं आणि काचेची कांडी त्यांच्याच हातात दिली.

"आता तुम्हीच ढवळा सर. जोर लावून."

बाई बघतायत म्हटल्यावर करतात काय? ढवळलं. सगळा मध गेला वाहून.

"मिठात मोजलंय का कुणी?" बाईंनी विचारलं.

"मी मोजलंय. सरांनी प्रबंधातून काढायला लावलं."

सर दातओठ खात कुजबुजले, "सही हवीय ना तुला?"

"हवीय की! पण मिठाच्या आकड्यांखाली. नाहीतर तुमची सही राहू दे तुमच्यापाशी, मी दुसरे सर बघते."

बाई तिला घेऊन आकडे बघायला शेजारच्या खोलीत गेल्या. आणि सर? बावळटासारखे अजून ढवळतायत!