मामांचे तीन प्रश्न

छापखान्याच्या बायका-पुरुषांच्या मिश्र फुटबॉल संघाचे प्रशिक्षक मामा. त्यांची सगळी डॉक्टरी तीन प्रश्नांत मावायची. कुणाच्या डोक्याला लागलं की विचारायचं: गोल किती झाले, समोर कोण खेळतंय, सकाळी काय खाल्लंस? उत्तरं बरोबर आली की गडी परत मैदानात.

त्या दिवशी त्यांचा भाचा समोरच्या गड्याच्या टाळक्यावर टाळकं आपटून आडवा झाला. तिन्ही प्रश्नांवर त्याचं एकच उत्तर, "मी इथे कशाला आलोय?" झालं! बाक, उशी, पंखा, सगळा थाट त्याच्या दिमतीला.

थोड्या वेळाने त्याची बहीण, म्हणजे गोलरक्षक ताई, कानशिलावर चेंडू खाऊन मागे कोसळली. डोकं जमिनीवर दाणकन आदळलं. पण उत्तरं खडाखडा दिली. वर मामांचा शर्ट उलटा आहे, हेही सांगितलं.

"पण मामा, डोकं ठणकतंय हो. गरगरतंय. गोलाचे खांब चार दिसतायत."

"मग चारी सांभाळ! सगळं आठवतंय ना? नाटकं कसली करतेस?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मस्तक तर आधीच पेटलेलं. पुढचा चेंडूही डोक्यावरच बसला तर? तिने मामांकडे टक लावून पाहिलं.

"तुम्ही कोण?"

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. जिला त्यांनी चालायला शिकवलं, ती विचारतेय! त्यांनी ताबडतोब तिला बाहेर काढून डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

बाईंनी दोघांनाही तपासलं. "दोघांच्याही मेंदूला हादरा बसलाय. पुरुष बरेचदा एकमेकांवर आदळतात, बायकांना चेंडू नाहीतर जमीन लागते. विसरणं, गोंधळणं पुरुषांत जास्त. बायकांचं डोकं दुखतं, गरगरतं. सगळ्यांचं तसंच होतं असं नाही. पण नुसती आठवण तपासून कुणाला खेळायला पाठवू नका."

मामा खजील होऊन ताईपाशी बसले. "मला ओळखतेस ना गं आता?"

"मघाशीही ओळखत होते, मामा. मी काहीच विसरले नाही. 'नाटकं कसली करतेस' हेसुद्धा नाही."

मामांनी उठून पंखा तिच्याकडे वळवला.

"हा पंखा कुणाचा?" भाच्याने विचारलं.