जहाजावरून लामत्याला

मी एक गिअरबॉक्स बोलतोय. जन्मानं जहाजी, सध्या मुक्काम लामता, जिल्हा बालाघाट. इथल्या बऱ्याच लोकांनी वैनगंगेपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही.

जहाजावर माझं काम नाजूक होतं. जहाज पुढं ढकलणाऱ्या मुख्य इंजिनाकडूनच वीजही करून घ्यायची, म्हणजे विजेसाठी दुसरं इंजिन पोसायला नको, अशी मालकांची काटकसर. पण इंजिनाचा वेग लाटांप्रमाणे आणि कप्तानाच्या लहरीप्रमाणे बदलतो, तर जनित्राला एकच ठरलेला वेग लागतो. या दोघांच्या मध्ये मला बसवलं. माझ्या पोटात शंकूंची दोन चाकं आहेत आणि त्यांवरून जाणारी एक पोलादी साखळी. इंजिन मंदावलं की एका चाकाचे शंकू जवळ येतात, दुसऱ्याचे लांब जातात, साखळी सरकते, आणि जनित्र आपल्या पहिल्याच वेगानं फिरत राहतं. हे होताना माझ्या अंगावरचा एक दांडा खाली झुकतो. इंजिन सावरलं की तो वर येतो.

थोडक्यात, इंजिनाला धाप लागली आहे हे दिव्याखाली जेवणाऱ्या अधिकाऱ्यांना कळू न देणं, ही माझी नोकरी. सरकारी कचेरीतही अशी एक जागा असते म्हणतात.

जहाज म्हातारं झालं, भंगारात गेलं, आणि मी नागपूरच्या एका कबाड्याकडे येऊन पडलो. तिथं मला प्रभाकरनं ओळखलं. हा बालाघाटच्या नोकरदार घराण्यातला मुलगा. घराण्यात सगळे तहसील आणि ट्रेझरीत. हा एकटाच जहाजावर इंजिनिअर झाला आणि समुद्र लागतो म्हणून परत आला. उलट्यांनी हैराण झालेल्या माणसाला जहाजाचा तुकडा पाहून भरून यावं, हे माणसंच जाणोत.

त्यानं मला लामत्याच्या दुलीचंद शेटच्या धानगिरणीत आणलं. शेटचं दुःख टीव्हीचं होतं. गावात वीज असण्यापेक्षा नसण्यातच जास्त नियमित, म्हणून गिरणीच्या डिझेल इंजिनालाच एक जनित्र जोडलेलं. पण गिरणीच्या तोंडात धान जास्त पडलं की इंजिन दबायचं, दिवे मंद व्हायचे आणि टीव्हीतली माणसं आखडून बोटाएवढी व्हायची.

"इंजिनिअर साब, कुछ करो," शेट म्हणाला. "देवाची मालिका लागते आणि देवच बारीक होऊन राह्यले!"

मला बसवलं आणि देव पूर्ववत झाले. पोटातली जुनी साखळी कुरकुरली, पण दिवा हलला नाही. शेटनं पेढे वाटले.

पेढा फक्त डोमाजीच्या घशाखाली उतरेना.

डोमाजी इंजिनवाला. गिरणीत धान सोडणं आणि इंजिन सांभाळणं, दोन्ही त्याच्याकडे. त्या आवाजात उभं आयुष्य काढून त्याचे कान गेले होते. हे फक्त त्याला आणि बायको गोदाबाईला ठाऊक. गिरणीत कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, त्यामुळे बिंग फुटलं नव्हतं. शेटनं काहीही विचारलं की तो "हौ" म्हणायचा. नोकरीला एवढा शब्द पुरतो. इंजिन दबलेलं त्याला ऐकू येत नसे, पण समोरचा बल्ब मंद झाला की तो धान आवरायचा. बल्ब हाच त्याचा कान होता, आणि तो मी बंद केला.

आता तो बल्बाकडे पाहत धान सोडत राही. बल्ब लख्ख. इंजिन काळा धूर ओकून थांबे, पट्टा उतरून भुईवर पडे.

"फिर पट्टा!" शेट ओरडला. "डोमाजी, हात थकले का रे?"

"हौ," डोमाजी म्हणाला.

शेट चपापला. मग म्हणाला, "अजून एकदा उतरला तर घरी बस. माझा साळा भोजराज बसंल इंजिनावर."

गोदाबाई समोरच कोंडा चाळत होती. तिनं हे ऐकलं, नवऱ्यानं ऐकलं नाही. पुढं कितीतरी वेळ ती चाळण हातात धरून माझ्याकडेच पाहत होती. धान वाढलं, माझा दांडा झुकला. धान कमी झालं, दांडा वर आला.

ती उठली आणि नवऱ्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन सावकाश म्हणाली, "अवो, बल्ब नोका पाहू. तो आता खोटा हाय. हा दांडा पाहा, धान जास्त झालं का मान खाली घालते."

"हा काय सांगन मले?"

"बल्ब सांगे तेच."

तिनं लुगड्याचा लाल काठ फाडून दांड्याला बांधला, म्हणजे लांबून दिसेल. त्यानंतर पट्टा उतरला नाही.

दसऱ्याच्या पूजेआधी गिरणीची सफाई निघाली. शेवटचं धान चालूच होतं. भोजराज दांड्यावरच्या लाल फडक्याला हात घालणार, तोच गोदाबाई ओरडली, "हात नोको लावू! नवस हाय!"

"काहेका नवस?" शेटनं विचारलं.

"आमच्या ह्यायच्या नोकरीचा."

शेट नवसाला भितो, पण मशिनलाही भितो. पूजेला प्रभाकर आलेला होता. शेट त्याच्याकडे वळला. "साब, मशीन को कुछ होगा तो नहीं? काढू का?"

प्रभाकर जवळ आला. गाठ सोडायला त्यानं हात पुढं केला. तेवढ्यात फडकं खाली झुकलं, आणि तिकडे डोमाजीनं धान आवरलं. फडकं वर आलं. डोमाजीनं धान सोडलं. प्रभाकरनं बल्बाकडे पाहिलं, डोमाजीकडे पाहिलं. मग त्यानं ती गाठ आणखी घट्ट केली.

"राहू द्या," तो म्हणाला. "जहाजावरही बांधतात."

मी इतके समुद्र फिरलो, असं फडकं कुठल्याही जहाजावर पाहिलं नाही.

आता माझ्यावर हळदकुंकू असतं. कटंगीचे गिरणीवाले येऊन पाहून गेले आणि त्यांनी आपापल्या इंजिनांना लाल फडकी बांधली. त्यांच्या इंजिनांना दांडा नाही, पण नवसाला दांडा लागत नाही.

साखळी झिजली आहे. मी फार दिवस काढीन असं वाटत नाही. मागणं एकच. इकडे आलात तर खुशाल धूळ झटका, तेल घाला, टीव्हीही पाहा. पण फडकं नवसाचंच का, असं कुणी विचारलं, तर डोमाजीसारखं नुसतं "हौ" म्हणा.