‘निरोगी’ लिहिलेली नळी

मी सोन्याचा कण बोलतोय. सोनं म्हटल्यावर लगेच गळ्यातल्याकडे नका बघू. मी इतका बारीक, की एका केसाच्या जाडीत माझ्यासारखे हजारो मावतील. कालपासून माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

जन्म प्रयोगशाळेतला, उकळत्या पाण्यातला. इथे संशोधन करणाऱ्या ताईने सोन्याच्या क्षारात दुसरं द्रावण ओतलं आणि आम्ही कोट्यवधी भावंडं लालभडक होऊन जन्मलो. मग तिने आम्हाला लेप चढवला. एक गंभीर आजार अंगात मुरू लागला की रक्तात एक प्रथिन वाढतं, तेवढंच या लेपाला चिकटतं. चिकटलं की आमच्यातून जाणारा प्रकाश बदलतो आणि यंत्राच्या पडद्यावरच्या आलेखाचा उंचवटा उजवीकडे सरकतो. एवढं जमवायला ताईची चार वर्षं गेली.

काल शेवटची चाचणी होती. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. इथे सगळे करतात तेच तिनेही केलं, स्वतःचं दिलं. पेनाचं टोपण दातात धरून नळीवर ‘निरोगी’ लिहिलं आणि मला त्यात सोडलं.

बघता बघता ते प्रथिन माझ्या अंगाला चिकटलं. मी हादरलोच. हे इथे कसं? मी चुकीच्या नळीत पडलो की काय? तेवढ्यात प्रकाश आला आणि उंचवटा सरकला.

“लेप बिघडलाय,” ताई पुटपुटली. तिने नव्या नळीत माझी भावंडं घातली. परत तेच.

तिचे सर आले. “अगं, नळ्यांची अदलाबदल झाली असेल.”

“नाही सर, दोनदा केलं.”

सरांनी बाही वर केली. म्हणाले, “माझं घे.”

सरांच्या रक्तातही उंचवटा सरकला, तर आम्ही खोटे आणि ताईची चार वर्षं पाण्यात. नाही सरकला, तर आम्ही खरे आणि ताई आजारी. खरं सांगण्यासाठीच घडवलेला मी, मनातल्या मनात विनवत होतो, आम्हाला खोटं ठरू दे.

उंचवटा जागचा हलला नाही.

“जमलं की गं तुला,” सर म्हणाले, आणि वर केलेली बाही खाली ओढू लागले. ताई खुर्चीत बसली. हातमोजे काढायचंही तिला सुचलं नाही.

“आईला काय सांगू?” एवढंच ती म्हणाली.

आज सर तिला इस्पितळात घेऊन गेलेत. मी फ्रीजमध्ये आहे, ते प्रथिन अजून अंगाला धरून. मला ते सोडता येत नाही, तिनेच मला तसं घडवलंय. डॉक्टर, ती तुम्हाला म्हणेल, आमचीच काहीतरी चूक झाली असेल. तिचं ऐकू नका. मी तिच्याच हातचा आहे, माझं ऐका.