प्रोफेसरांच्या बंगल्यातली भुकटी

मी टेकडीवरचा बंगला बोलतोय. हळूच बोलतोय, कारण जोरात बोललो तर माझ्यातलं काहीतरी खाली येईल, अशी हल्ली धास्ती वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका कॉलेजनं आपल्या प्रोफेसरांसाठी मला बांधलं. खाली विटांचे खांब, वर लाकडी घर, पुढे ऐसपैस व्हरांडा. पहिले साहेब तिथे येरझाऱ्या घालत उद्याचं लेक्चर घोकायचे. मला ते पाठ झालं, विद्यार्थ्यांचं काय झालं कोण जाणे! त्यांच्यामागून बरेच प्रोफेसर आले. राहायचे रुबाबात, पण आतून सगळे भित्रे. नोकरी सुटली की घरही सुटणार होतं ना. भिंतीत खिळा ठोकतानाही दोनदा विचार करायचे. त्यांची ती भीती माझ्यातही मुरली असावी.

पुढे कॉलेज हललं आणि मी भाड्यानं जाऊ लागलो. तीन वर्षांपूर्वी प्रोफेसर संजीवनी इथल्या विद्यापीठात शिकवायला दूर समुद्रापलीकडच्या पुण्याहून आल्या. सोबत त्यांची लेक, इरा. शाळेत जाण्याआधी इरा व्हरांड्यात तुळशीपुढे रांगोळी काढायची. इतक्या वर्षांत माझ्या अंगावर कुणी रांगोळी काढली नव्हती. मी फार सुखावलो.

त्याच सुमाराला मला कीड लागली.

रोज सकाळी तुळशीजवळ बारीक, पिवळसर भुकटी पडलेली असायची. संजीवनीबाई केरसुणी घेऊन यायच्या.

"इरा, किती सांडतेस गं रांगोळी!"

"नॉट माइन, लाह! माझी तर पांढरी आहे, आई." ते 'लाह' तिनं इथल्या शाळेतल्या पोरांकडून उचललं होतं.

"बरं बरं, बस चुकेल. पळ आता."

आणि त्या मला झाडून टाकायच्या. ते माझं पोट होतं हो!

करकरलो असतो तर त्यांना कळलं असतं. पण कळलं की पाडणार. शेजारचा माझा जुळा भाऊ असाच गेला होता. म्हणून तुळशीच्या कोपऱ्यात पाय पडला की मी श्वास रोखून गप्प बसायचो. याची मला लाज वाटते.

मग इराचा नववा वाढदिवस आला. वर्गातली बावीस मुलं येणार होती आणि फोटो नेमका त्याच कोपऱ्यात काढायचा ठरला. तिथली पोखरलेली जमीन एवढ्या मुलांचं वजन पेलणार नव्हती. मुलं यायला तासभर उरला होता. जागा करायला संजीवनीबाईंनी तुळशीची जड कुंडी सरकवली, ती कोपऱ्यातल्या फळीवर टेकवली आणि त्या मागे सरल्या.

मी डोळे मिटले आणि फळी सोडून दिली.

कुंडी धाडकन खाली गेली. बाईंनी वाकून पाहिलं. फळी आतून पोकळ होती, नुसती भुकटी.

"अगं बाई! ही रांगोळी नव्हतीच!" त्यांनी इराला घट्ट पोटाशी धरलं. "तू सांगत होतीस गं, मीच ऐकलं नाही."

वाढदिवस खाली हिरवळीवर झाला. आठवड्याभरात एक माणूस हातोडी घेऊन आला. ठिकठिकाणी ठोकून त्यानं मान हलवली आणि जिन्याला लाल पट्टी बांधली. मायलेकी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये गेल्या. जाताना इरानं खालच्या पायरीवर रांगोळी काढली.

तुमच्या घरात कधी भुकटी दिसली, तर केरसुणी उचलण्याआधी जरा पोरांचं ऐका.

उद्या सकाळी मशीन येणार आहे. खरं सांगतो, मला खूप भीती वाटतेय. अशा वेळी मी हिरवळीवर नाचणारी ती मुलं आठवतो. घरी जाताना मी त्यांना एकेक करून मोजलं होतं. इरा धरून तेवीस.