कुठल्या घड्याळाने?

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्तीअण्णा रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण हाताची सवय काही सुटेना. गच्चीवरच्या टाकीतलं पाणीसुद्धा हा माणूस वहीत वेळेसकट लिहायचा! त्यांच्या लेकीने, तेजस्विनीने, अभ्यासाला घेतला होता एक लहरी तारा. तो अधूनमधून भडकतो, आणि भडकला की त्याच्या रेडिओ लहरी एकदम वाढतात. या खेपेला एका उपग्रहाने त्याचे क्ष-किरणही टिपले. आधी क्ष-किरण वाढले आणि रेडिओ लहरी तब्बल साडेपाच तासांनी, असं तिला दिसलं. हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. उद्या तिचा शोधनिबंध जाणार होता, आणि अण्णांनी तर कालच सगळ्या कॉलनीत पेढे वाटून टाकले होते.

दुपारी जेवण झाल्यावर ते कौतुकाने तिचा तक्ता बघायला बसले. आकड्यांवरून फिरणारं बोट मध्येच थांबलं.

"तेजू, ह्या वेळा कुठल्या घड्याळाच्या?"

"म्हणजे?"

"आमच्या बॉयलरचं अन् टर्बाइनचं घड्याळ कधी जुळायचं नाय. म्हणून वेळेपुढं घड्याळ लिहायचो. हितं तर कायच नाय लिहेल."

तेजस्विनी हसली, आणि हसता हसताच तिने तक्ता आपल्याकडे ओढला. उपग्रहाची वेळ जागतिक होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्या शाझियाला तिने फोन लावला. शाझियाने वेळा भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिल्या होत्या. म्हणजे आपल्या, भारतीय. जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. तेवढे वजा केले तर दोन्ही भडके एकाच वेळचे निघाले. शोध गेला.

अण्णांचा चेहरा उतरला. "माझी बी जीभ! कशाला इचारलं मी?"

"अण्णा, उद्या जगापुढे माझं हसं झालं असतं." तिचे डोळे भरले होते, पण बापाबद्दल इतकी माया तिला कधी वाटली नव्हती.

चहाच्या वेळेपर्यंत तिने तक्ता दुरुस्त केला, घड्याळाचा नवा रकाना घातला आणि कागद छापून त्यांच्यापुढे ठेवला. "केंद्रातल्या वहीत तपासणाऱ्याची सही कुठे असायची?"

"खाली, उजव्या हाताला. पण आधी सगळं तपासायचं, मंग सही."

सहा वर्षांत अण्णांची सही फक्त पेन्शनच्या कागदावर झाली होती. त्यांनी चष्मा पुसला, पहिल्या ओळीपासून एकेक आकडा तपासला आणि मगच सही केली. सहीपुढे वेळ घातली, पाच वाजून दहा मिनिटं. आणि वेळेपुढे लिहिलं: स्वयंपाकघरातलं घड्याळ.